गावकीची खोली पुनर्विकासात चालली आहे. ठेवायची की विकायची?

दुसरी पाळी

मंडळी, विषय घरचा आहे आणि जरा लांबणार आहे. ज्यांचं कुणी गिरणीत होतं त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावं.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. लालबागच्या एका तीन मजली चाळीत दुसऱ्या माळ्यावर आमच्या गावकीची खोली आहे, दहा बाय बारा. गिरणीत लागलेल्या गावच्या लोकांनी वर्गणी काढून ती पागडीने घेतली. आजोबा तिथे राहिले. १९६४ साली वडील जयगडहून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरले ते थेट त्या खोलीवर. सकाळी सातच्या भोंग्याला पहिली पाळी बाहेर पडली की रात्रपाळीवाले येऊन त्याच वाकळेवर आडवे व्हायचे. निजायला आत जागा पाच-सहा जणांना, बाकीचे गॅलरीत, जिन्याखाली, उन्हाळ्यात फुटपाथवर. भिंतीला चारी बाजूंनी फळ्या आणि फळ्यांवर पत्र्याच्या पेट्या. ज्याची पेटी तो सभासद, एवढा सोपा हिशेब. दर महिन्याला वर्गणी, वर्षातून एकदा सत्यनारायण, आणि कुणी वारला तर गावाला तार करणं, मयताची व्यवस्था करणं हे खोलीचं काम. गावातल्या शाळेची कौलं, देवळाचा सभामंडप, पाणंदीवरचा साकव, सगळ्याचे पैसे याच खोलीतून गेलेत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा वडील साचा खात्यात, म्हणजे विणकामाच्या मागावर होते. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं महिना-दोन महिन्यांत मिटेल. मग एकेक पेटी खाली न उतरवता माणसं गावाला गेली, ती परत आलीच नाहीत. पेट्या तशाच राहिल्या. आज मोजल्या तर ४७ आहेत.

सध्या खोलीत गावचे पाच मुलगे राहतात. दोघं जेवणाची पार्सलं पोचवतात, एक मॉलमध्ये सिक्युरिटीला, एक वायरमन, एक स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो.

आता चाळ पुनर्विकासात चालली. बिल्डर ४०५ चौरस फूट कारपेट देतो म्हणतोय. भाडेपावती आमच्या गावच्या एका जुन्या पुढाऱ्याच्या नावावर आहे. ते जाऊन वीस वर्षं झाली, त्यांचा नातू भला माणूस आहे, पण कागदावर आज तोच भाडेकरू. काही जणांचं म्हणणं, हक्क विकून टाका, एक कोट दहा लाखांपर्यंत येतील, सत्तेचाळीस पेट्यांत वाटले तर प्रत्येकी सव्वादोन लाखाच्या वर पडतात. रविवारी सभा आहे. माझं मन होत नाही, पण "का नको" हे सभेत उभं राहून सांगायला मला नीट शब्द सापडत नाहीत. ज्यांच्या गावाने यातून वाट काढली असेल त्यांनी लिहा.

घाटावरचा

आमचा आजरा तालुका. आमच्याकडे याला गाळा म्हणतात. आमच्या गाळ्याचं तुमच्यासारखंच होतं, करी रोडला. २००९ मध्ये विकला. आलेल्या पैशातून गावच्या देवळाचा सभामंडप झाला, उरलेले वाटले.

मी त्या वेळी विकायच्या बाजूने हात वर केला होता, हे आधी कबूल करतो. पोरं पुण्याला जातात, मुंबईत कोण येतंय, असं वाटायचं.

२०१६ साली आईला टाटा हॉस्पिटलात आणावं लागलं. केमोच्या तारखा पंधरा-वीस दिवसांनी, मध्ये गावाला नेऊन आणणं झेपेना. परळच्या फुटपाथवर ताडपत्री टाकून राहणारी माणसं तुम्ही बघितली असतील, त्यात मी अकरा रात्री काढल्या. आमचा विकलेला गाळा तिथून चालत पंधरा मिनिटांवर. पूर्वी गावचा कुणीही केईएमला, वाडियाला, टाटाला आला की गाळ्यावर उतरायचा. डबा कुणी तरी आणून द्यायचं, रक्त द्यायला दोघं तयार असायचे. सभामंडप सुंदर झालाय, पण तो गावात आहे.

सभेत हे सांगा. माझं नाव घेऊन सांगितलं तरी चालेल, फोन करा.

चिवडा गल्ली

घाटावरचा, वाचून कसंतरी झालं.

आमचं मसाल्याचं दुकान. मे महिन्यात अजूनही रांग लागते, पण रांगेतले निम्मे लोक बदलापूर, विरार, दिव्याहून आलेले असतात. मिरची घ्यायची, कांडपाला द्यायची आणि जुन्या शेजाऱ्यांना भेटून जायचं, असा त्यांचा दिवसभराचा कार्यक्रम. राहतात तिकडे, मसाला इथला.

आमची चाळ २०१३ मध्ये टॉवर झाली. आम्ही राहतोय पुनर्वसनाच्या इमारतीत, मागच्या बाजूला. पुढे विक्रीची इमारत, तिचं गेट वेगळं. सुरुवातीला घर बघून आई रडली होती आनंदाने, घरात संडास आला म्हणून. ते मी कधी विसरत नाही आणि चाळीचं गुणगान करणाऱ्यांनीही विसरू नये. पण मग मेंटेनन्स सुरू झाला. बिल्डरने देखभालीसाठी दिलेल्या एकरकमी निधीचं, कॉर्पसचं, व्याज पहिली काही वर्षं पुरलं. लिफ्टचं काम निघालं, पंप बदलावे लागले, आणि महिना ८०० वरून ४२०० वर गेलो. पेन्शन नाही, पीएफ संपातच संपलेला, अशा घरांना ते जमेना. आमच्या मजल्यावरच्या आठपैकी पाच घरांनी विकलं. कुणी हुसकावलं नाही, कुणी धमकावलं नाही. लाइटचं आणि मेंटेनन्सचं बिल आलं आणि माणसं गेली.

म्हणून दुसरी पाळी, नुसतं "ठेवा" म्हणून भागायचं नाही. ४०५ फुटांचा महिन्याचा खर्च कोण भरणार, हे आधी वहीत लिहा.

नकाशावाला

मी व्यवसायाने आर्किटेक्ट, याच भागातली पुनर्विकासाची कामं बघतो. आजोबा कातण खात्यात होते.

मागचं थोडं सांगतो, कारण आपल्याकडे सगळं आपोआप झाल्यासारखं बोललं जातं. गिरण्यांची जमीन साधारण ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ आलं. गिरणीची जमीन विकासाला काढायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेला लागू केली. गिरणीच्या आवारात मोकळं असतं किती? शेडच शेड. म्हणजे जी दोनशे-दोनशे एकर बागांना, मैदानांना आणि घरांना मिळायची, त्यातला छोटा तुकडा हाती आला. उच्च न्यायालयाने हे मान्य केलं नव्हतं. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा बदल कायम ठेवला. गिरण्या बंद पडल्या म्हणून जमीन मोकळी झाली, असं आपण म्हणतो. जमीन इतकी महाग झाली की गिरणी चालवण्यात कुणाला रस उरला नाही, हेही तितकंच खरं आहे.

कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून जास्त अर्ज आले. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरं, २०२० मध्ये ३,८९४. आता बाकीच्यांना शेलू-वांगणीला घरं घ्या म्हणतात, त्यावर २०२५ मध्ये आझाद मैदानात मोर्चा झाला. आणि ज्या ठिकाणी हजारो कामगार चालत कामाला जायचे तिथे लाखो लोक लोकलने यायला लागले, त्याच अरुंद पुलांवरून. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टनच्या पुलावर २३ माणसं चेंगरून मेली. नियमावलीतली एक ओळ बदलली की काय होतं ते मी त्या दिवशी शिकलो. कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

आता तुमच्या कामाचं.

पात्र भाडेकरूंची यादी म्हाडाचं इमारत दुरुस्ती मंडळ प्रमाणित करतं. तिथे पावतीवरचं नाव बघतात, पेट्या बघत नाहीत. तुमचं मंडळ नोंदणीकृत आहे का? नसेल तर संस्था नोंदणी आणि सार्वजनिक न्यास नोंदणी दोन्ही आत्ता सुरू करा. वर्गणीच्या जुन्या वह्या, गावाला पाठवलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्या, लाइट बिलं, पोलिसांत दिलेल्या नावांच्या याद्या, जे मिळेल ते गोळा करा. नातू चांगला आहे म्हणता, तर तो चांगला असतानाच त्याच्याकडून लिहून घ्या. नंतर त्याच्या पोरांना खोलीचा इतिहास माहीत नसेल आणि किंमत मात्र माहीत असेल. चाळ सोडण्याआधी पर्यायी जागेचा करार रजिस्टर झालाच पाहिजे. ट्रान्झिटचं, म्हणजे नवं घर मिळेपर्यंत बाहेर राहायचं भाडं आगाऊ घ्या.

दुसरी पाळी

नकाशावाला, मंडळ नोंदणीकृत नाही. वह्या आहेत, १९५१ पासूनच्या. बाकी सगळं सभेत मांडतो. चिवडा गल्ली, तुमची ४२०० ची ओळ मी वहीत पहिली लिहिली आहे.

निळी पहाट

धागा कालपासून वाचतेय. लिहू की नको असं होत होतं.

मी नायगाव बीडीडीतली. आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातलेच, तुमच्या शेजारच्या तालुक्यातले. त्यांच्या गावाचीही परळला खोली होती. आजोबांची पेटी तिथे कधी नव्हती, कारण आमच्या वाडीतल्या कुणालाच तिथे पेटी ठेवू देत नव्हते. गावात वेस होती तशी खोलीलाही होती. म्हणून आमची माणसं बीडीडी चाळींत, बीआयटी चाळींत एकवटली. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत १९१२ पासून दोन दशकं राहिले.

गिरणीतही तेच. साचा खात्यात पगार जास्त, पण सुताची कांडी बदलताना धोट्याच्या (मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीच्या) भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्याला तिथे मज्जाव. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. माझे आजोबा चाळीस वर्षं कातण खात्यात राहिले, ते आवड म्हणून नाही.

त्यामुळे "गिरणगावची संस्कृती चालली" असं वाचते तेव्हा मला विचारावंसं वाटतं, कुठली चालली? बीडीडीच्या मैदानात चौदा एप्रिलला जे उभं राहतं, रात्रभर जे जलसे चालायचे, भिंतीवरची वाचनालयं, ती आम्ही आमच्या हातांनी उभी केली. तीही आता टॉवरच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या गच्चीवर, कशी मावणार या काळजीत आम्ही आहोत. २०७ चाळी होत्या, १६० चौरस फुटांच्या खोल्या. आता ५०० फूट मिळतात, वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये चाव्या मिळाल्या. आम्ही आनंदात आहोत आणि काळजीतही.

दुसरी पाळी, राग मानू नका, एकच विचारते. त्या ४७ पेट्यांत तुमच्या गावच्या बौद्धवाडीतली एक तरी आहे का?

दुसरी पाळी

नाही. एकही नाही.

काल रात्री वडिलांना विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "ती माणसं नायगावला असायची. सणाला भेटायची." त्याहून जास्त बोलले नाहीत. मी पन्नाशीला आलो आणि हा प्रश्न मला आजवर पडला नव्हता, याची लाज वाटते.

सांजवात

निळी पहाट, तुमच्या पेटीच्या शेजारी माझ्या आईचीही एक गाळलेली पेटी ठेवते.

आई डिलाईल रोडला खानावळ चालवायची. बावीस मेंबर, दोन वेळचं जेवण, आणि पाळ्यांमुळे चूल पहाटे चारपासून रात्री एकपर्यंत. पगार महिन्यातून एकदा, मेंबर पैसे दहा तारखेनंतर देणार, तोवर वाण्याचं उधार आणि सावकाराचं व्याज. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं, तेव्हा आईच्या हातातल्या बांगड्या पहिल्यांदा सोडवून आणल्या. संपात मेंबर गावाला गेले, कित्येकांची उधारी तशीच राहिली. आईने वही फाडली नाही आणि वसूलही केली नाही. तीच वही उघडून चार-चार महिने लोकांना जेवू घातलं. संपाचा इतिहास सांगताना अडीच लाख कामगार म्हणतात. त्या अडीच लाखांच्या मागच्या चुली कुणी मोजल्या नाहीत.

या गावकीच्या खोल्यांत बाईला निजायची परवानगी नव्हती. बाई आजारी पडून मुंबईला आली तर तिने नातेवाइकाच्या संसारात पडद्यामागे झोपायचं. आज गावची पोरगी नर्सिंगला, डीएमएलटीला (लॅब टेक्निशियनच्या कोर्सला) परळला येते. ती कुठे उतरणार? आमच्या भाचीने पहिले तीन महिने रोज आसनगाव ते परळ केलं, गावच्या मंडळाची खोली पाच मिनिटांवर असताना. तिथे चार मुलगे राहत होते आणि मंडळाच्या नियमात मुलगी बसत नव्हती.

तुम्हाला ४०५ फूट मिळणार असतील तर दोन खोल्या पडतील. एक मुलींना द्या. नाहीतर विका, माझी हरकत नाही. जी खोली अर्ध्या गावाचीच आहे ती वाचवायला मी डोळ्यात पाणी आणणार नाही.

मदनपुरा

अस्सलाम आलैकुम, नमस्कार. मराठी शाळेत शिकलोय, चूक झाली तर सांभाळून घ्या.

आम्ही मोमीन, विणकर. दादा, म्हणजे आजोबा, उत्तर प्रदेशातून आले, साच्यावर बसले. मदनपुऱ्यातही अशाच खोल्या होत्या, एका गावची वीस-पंचवीस माणसं, पाळीपाळीने झोपणारी. तिकडे कामाठीपुऱ्यात तेलुगू पद्मशाली होते. दादा सांगायचे, आमच्या खात्यात एका लायनीत कोकणी, घाटी, भय्या, तेलंगी सगळे, आणि मशीनच्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही म्हणून सगळ्यांची हातवाऱ्यांची एकच भाषा. ओठ वाचायची सवय त्यांची शेवटपर्यंत गेली नाही. घरीही ते आमच्या तोंडाकडे बघून ऐकायचे.

संपानंतर आमची निम्मी बिरादरी भिवंडीला पॉवरलूमवर गेली. बारा तास, ना युनियन ना पीएफ. कपडा तिथे गेला, जमीन इथे राहिली.

९२-९३ च्या दंगलींनंतर लालबागमध्ये आमचं येणं कमी झालं, ते तुम्हालाही माहीत आहे. पण भारतमाताजवळ लालशाहबाबांच्या दर्ग्यात अजून जातो. लालबाग हे नाव त्यांच्यावरूनच पडलं असं आमचे बुजुर्ग सांगतात. २०२४ मध्ये करी रोड स्टेशनचं नाव लालबाग करायचा ठराव विधिमंडळात झाला तेव्हा अम्मी म्हणाली, चला, बाबांचं नाव स्टेशनला लागणार.

माझं एकच म्हणणं. आमच्या मदनपुऱ्यातल्या खोल्या गेल्या, कुणी धागा काढला नाही. तुमच्याकडे १९५१ च्या वह्या आहेत. त्या तरी फोटो काढून ठेवा.

बाविसावा मजला

मी "ते दुसरे" आहे. २०१४ मध्ये गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये घर घेतलं. मूळची नागपूरची. कर्जाचे हप्ते अजून अकरा वर्षं आहेत, त्यामुळे कुणी श्रीमंत समजू नये, पण चाळीतल्या माणसाच्या नजरेने श्रीमंतच, हे मान्य.

जाहिरातीत आमच्या पत्त्याला "अप्पर वरळी" म्हटलं होतं. घर घेतल्यावर वर्षभराने मला कळलं की मी लोअर परळमध्ये राहते आणि माझ्या पार्किंगच्या जागी गिरणीची ब्लो रूम, कापूस पिंजून साफ करायचं खातं, होती. हे मला शेजारच्या चाळीतल्या, मशीनवर चाळीस वर्षं काढलेल्या आजोबांनी सांगितलं. त्यांच्याशी ओळख झाली तीही गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या मुलांना आमच्या गेटवर अडवलं तेव्हा, मी खाली उतरले म्हणून. सोसायटीचा नियम असा की वर्गणीवाल्यांना आत सोडायचं नाही. मी सलग तीन वर्षं सर्वसाधारण सभेत तो विषय मांडला. तिसऱ्या वर्षी मंजूर झाला, मंडळाच्या दोन जणांना लॉबीपर्यंत येऊ द्यायचं असा. आमच्या इमारतीतले पुष्कळ लोक खरोखर चांगले आहेत. पण बासष्ट घरांपैकी मासळी शिजवणारी घरं वासावरून तक्रारी खातात, आणि सुकी मासळी तर मी स्वतःच आणणं बंद केलंय. त्यासाठी कुणी लेखी नियम केलेला नाही. लिफ्टमध्ये कुणी नाक मुरडलं की पुरतं.

आपलं शहर आपण येऊन राहिलो म्हणून कुणासाठी तरी महाग होतं, हे ओझं घेऊन कसं राहायचं मला माहीत नाही. पण निदान गेट उघडायचं काम माझ्या हातात आहे.

चिवडा गल्ली

बाविसावा मजला, बोंबील हवे असतील तर दुकानात या, डब्यात नीट बांधून देते. मनापासून सांगतेय.

एक गोष्ट वर लिहायची राहिली. आमच्या टॉवरमध्ये शेजारचे काका गेले तेव्हा त्यांना चौदाव्या मजल्यावरून खाली आणायला लिफ्टमध्ये तिरडी मावेना. चादरीत बसतं करून आणावं लागलं. चाळीत गॅलरीत ठेवायचो, सगळ्या माळ्याच्या बायका भोवती बसायच्या. नकाशावाला, तुम्ही नकाशे काढता, तर एवढं जरूर करा. एक मोठी लिफ्ट आणि खाली एक अशी मोकळी जागा, जिथे माणसाला ठेवता येईल, बारसं करता येईल, भजन बसवता येईल. सोसायटी ऑफिस ही जागा नव्हे.

नकाशावाला

तुमची तक्रार रास्त आहे. स्ट्रेचर मावणारी लिफ्ट मी आता आग्रहाने घालतो. सामाईक जागेवर मात्र दर वेळी भांडण होतं, कारण तो प्रत्येक फूट विकता येतो. पोडियमवर बाग दाखवतात, ती विक्रीच्या इमारतीच्या ताब्यात जाते. दुसरी पाळी, सगळ्या भाडेकरूंनी मिळून करारातच लिहून घ्या की पुनर्वसन इमारतीच्या तळमजल्यावर हॉल असेल आणि तो कुणाच्या ताब्यात राहील. पुरवणी म्हणून नंतर करू म्हटलं की राहिलंच.

दामोदरचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. १९२२ साली उभं राहिलेलं नाट्यगृह. आमच्या वडिलांनी तिथे शक्ती-तुऱ्याचे सामने आणि नमन बघितलं. २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं तेव्हा कलावंत रस्त्यावर उतरले. नवं होईल तेव्हा त्याचं भाडं गावच्या नमन मंडळाला परवडेल का, हा माझा प्रश्न आहे.

सोनवी

मी या खोलीत राहतो. धाग्याची लिंक गावच्या ग्रुपवर आली. पार्सल पोचवणाऱ्या दोघांतला एक मी. इथे लिहायची सवय नाही.

दुसरी पाळी काका, तुम्ही डोंबिवलीला राहता, सभेला येता. विकायचं म्हणणारे काका पनवेलला राहतात. आम्ही पाच जण खोलीत झोपतो आणि सभेत आम्हाला मत नाही, कारण पेटी आमच्या आजोबांच्या नावाची आणि सभासद आमचे चुलते. हे पहिलं.

दुसरं. माझे पणजोबा ज्या गिरणीत होते तिथे आता मॉल आणि ऑफिसं आहेत. रोज रात्री तिथून सात-आठ ऑर्डरी उचलतो. पुढच्या दाराने आम्हाला सोडत नाहीत, मागे सर्व्हिस गेट आहे. तिथल्या भिंतीवर जुन्या विटा तशाच ठेवल्यात, लोक फोटो काढतात. एकदा पाऊस होता म्हणून गिरणीच्या जुन्या चिमणीच्या बुंध्याला टेकून उभा होतो, तर गार्ड म्हणाला इथे उभं राहायचं नाही. तो गार्ड लांज्याचा. त्याने नंतर चहा पाजला. त्याची चूक नाही, त्यालाही नोकरी आहे.

वर्गणी महिना ३०० देतो आम्ही. या भागात पलंगाचं भाडं सहा हजार आहे. खोली गेली तर मी उद्यापासून नालासोपारा. रात्री दीडला शेवटची ऑर्डर दिली की गाडी नसते, म्हणजे कामच सुटलं. तुम्ही लोक जुन्या आठवणींबद्दल लिहिताय, ते वाचून बरं वाटतं. पण आम्ही अजून पाळीनेच झोपतो. मी पहाटे अडीचला येतो तेव्हा सिक्युरिटीवाला उठून अंघोळीला जातो, त्याच्या जागेवर मी झोपतो. गिरणी गेली असं तुम्ही म्हणता, पण पाळ्या आमच्याकडे चालूच आहेत.

मेंटेनन्सचं म्हणाल तर आठ जणांनी हजार-हजार दिले तर भागेल. आम्हाला विचारा तरी.

सांजवात

सोनवी, बाळा, रविवारी सभेत जा आणि हेच वाच. कुणी अडवलं तर इथे लिही.

घाटावरचा

मीही येतो रविवारी. माझा काही हक्क नाही, बाहेर गॅलरीत बसतो.

दुसरी पाळी

सभा झाली. उशीर झाला लिहायला, चार दिवस डोकं ठिकाणावर नव्हतं.

एकतीस जण आले. खोलीत मावेनात म्हणून गॅलरीत, जिन्यापर्यंत बसले. सोनवीने वाचलं. मध्येच एकाने "सभासद नाही तर बोलू नको" म्हटलं, त्यावर माझे वडील, वय ८१, उठून उभे राहिले आणि म्हणाले, "निजतो तो सभासद." एवढंच. मग कुणी अडवलं नाही. घाटावरच्यांनी आईची गोष्ट सांगितली तेव्हा पनवेलच्या काकांनी डोळे पुसले, पण मत विकायच्या बाजूनेच दिलं. त्यांच्या मुलाचं कर्ज आहे, त्यांना दोष देत नाही.

विकू नये म्हणणारे १८, विकावं म्हणणारे ९, चौघांनी हात वर केला नाही. नातवाने मंडळाच्या नावे लिहून द्यायचं कबूल केलं, नकाशावाल्यांनी वकील सुचवला आहे. करार रजिस्टर होईपर्यंत कुणी सही करायची नाही. विकावं म्हणणाऱ्या नऊ जणांना त्यांच्या पेटीचे पैसे हप्त्याने द्यायचे, कसे ते अजून ठरत नाही. मुलींसाठी एक खोली हा ठराव सांजवातताईंच्या शब्दांत मांडला, दहा मिनिटांत मंजूर झाला, मला वाटलं होतं भांडण होईल. राहणाऱ्यांना मत, हेही मंजूर.

निळी पहाट, तुमचा प्रश्न मी मांडला. सभा गप्प झाली. एक जण म्हणाला, हे इथे कशाला, गावात ठरवू. शेवटी शिमग्याला गावच्या सभेत घ्यायचं ठरलं. हा पळ काढणं आहे हे मला कळतं. मी बौद्धवाडीतल्या दोघांशी फोनवर बोललो. एकाने विचार करतो म्हटलं. दुसरा म्हणाला, "आता कशाला? आम्ही आमचं बघितलं." त्याला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही.

निळी पहाट

उत्तर देऊ नका. शिमग्याच्या सभेत ठराव लेखी मांडा, आणि त्या दोघांना आमंत्रण त्यांच्या घरी जाऊन द्या. फोनवर नको. ते येतील न येतील. काय झालं ते इथे नक्की लिहा, मी वाट बघते.

दुसरी पाळी

घरी जाऊनच देईन.

येत्या शनिवारी पेट्या खाली उतरवून नोंद करायची आहे. २८ पेट्यांचे वारस माहीत आहेत, १९ चे नाहीत. वह्यांचे फोटो काढायला मदनपुऱ्याचे भाऊ येतो म्हणालेत. काही पेट्यांची कुलपं गंजलीत, फोडावी लागतील. वडील म्हणतात, प्रत्येक पेटी पाच जणांसमोर उघडायची आणि आतली वस्तू लिहून परत आत ठेवायची, फेकायचं काही नाही. सोनवीची रात्रपाळी असते, म्हणून सकाळी अकरानंतर सुरू करू. हातोडी आणि थोडं खोबरेल तेल कुणी तरी घेऊन या.